मार्कंड्याला सोडलेली गाठ

"जावईबापू, कुठी आहा जी?" मी फोनवर विचारलं.

"मार्कंड्याले आहो, बाई."

हे माझ्या धाकट्या बहिणीचे यजमान, कुरखेड्याचे. त्यांच्या कॉलेजात जाणाऱ्या पोरीच्या मेंदूतली गाठ आदल्या दिवशी नागपुरात काढली होती. ती गाठ बाटलीतून तपासायला चंद्रपूरला माझ्या लॅबमध्ये आणायची, आणि हा माणूस वैनगंगेकाठच्या देवळात!

"अन् बाटली?"

"गाठ गंगेत सोडली ना. पोरीच्या अंगाचं व्हय, कुठी फेकाव? नर्सबाईनं हाती देल्लं, म्हने घेऊन जा."

मी जी ओरडले! "अक्कल गहान ठेवली काय जी?"

"कोनी सांगतलं नाई, बाई."

तेही खरंच. आमच्याकडे बाळाची नाळ कोणी उकिरड्यावर टाकत नाही. कापलेलं बोटसुद्धा लोक मागून नेतात अन् पाण्यात सोडतात. मला हे ठाऊक होतं, तरी राग आवरेना.

उरली होती गाठीच्या कणाची एकच काचपट्टी, ऑपरेशन चालू असताना घाईत केलेली. ती नागपूरहून मागवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवली. अवाढव्य, वेड्यावाकड्या पेशी, एकेकीत तीन-चार केंद्रकं. अरे देवा! ग्लायोब्लास्टोमा, म्हणजे मेंदूचा सगळ्यात जहाल कॅन्सर, असेल तर पोरीच्या हाती वर्ष-दीड वर्ष. पण त्याच कुळात प्लिओमॉर्फिक झँथोअ‍ॅस्ट्रोसायटोमा अशा लांबलचक नावाची एक दुर्मिळ गाठ आहे, बहुतेक तरुण पोरांना होणारी. दिसायला तशीच भेसूर, पण चालीनं बरीच मवाळ. तिचे रोगी वर्षानुवर्षं जगतात. दोघींतला फरक सांगायला मोठा तुकडा लागतो, आणि तो वैनगंगेतल्या माशांनी खाल्ला होता.

"वाईट हाय का जी?" लॅबमध्ये येऊन बसलेल्या जावयांनी विचारलं.

"मले माहीत नाई," मी म्हटलं आणि त्यांच्यासमोरच रडले.

स्कॅनमध्ये थोडी गाठ मागे राहिलेली दिसली. टाके सुकायच्या आत पोरीचं डोकं पुन्हा उघडलं. या वेळी बाटली मी स्वतः आणली. ग्लायोब्लास्टोमाच निघाला.

पोरगी गेली. तो तुकडा मेणाच्या ठोकळ्यात घालून मी नियमाप्रमाणे लॅबमध्ये ठेवलाय. तेरवीला जावयांनी मला अंगणातच अडवलं.

"पयली गंगेले देल्ली, ते चांगली होती," ते म्हणाले. "दुसरी तुमी ठेवून घेतली, बाई."