धरमतरच्या ओहोटीत निसटलेला माणूस

तो गुन्हा आठवला की आजही माझं डोकं तापतं. मी तेव्हा पेण पोलीस ठाण्यात होतो. शिपाई म्हणून लागलो, खात्याच्या परीक्षा देत अधिकारी झालो. त्यामुळे कोण कामाचं आणि कोण नुसतं खुर्चीचं, हे मला चटकन कळतं.

खबर धरमतर खाडीच्या जेटीवरच्या एका चहावाल्याने दिली. "साहेब, तो बोटींचा मेकॅनिक गस्तीची बोट सुटली की फोटो काढतो, नि फोनात बघून हसतो."

स्टेशन डायरीत नोंद करून मेकॅनिकला आणलं. दोन तास तो "मी काय केलाय?" एवढंच म्हणत राहिला. त्याचा फोन आमच्या सायबर कक्षातल्या महिला शिपायाने तपासला. रोह्याकडच्या मिठागर कामगाराची ही मुलगी. हे काम स्वतःच शिकलेली. तिने एक संदेश मोठ्याने वाचला. "तुमच्यासारख्या हुशार माणसाची तिथे कदर नाही. आमच्या कंपनीत या."

मेकॅनिक रडायलाच लागला. "साहेब, ते रोज इचारतात, जेवलास काय. माझ्या मुकादमानं कधी इचारला नाय."

कंपनी खोटी होती. गस्तीची माहिती सीमेपार जात होती, आणि त्यांचा आणखी एक माणूस इथेच आमच्या भागात वावरत होता. त्याला पकडायचं तर मेकॅनिकच्या नावाने बोलणं चालू ठेवणं भाग होतं. तिने ते सतरा दिवस केलं. भिंतीवर भरती-ओहोटीचं कोष्टक लावलं होतं. खाडीला पाणी चढल्याशिवाय "बोट सुटली" असं ती कधी लिहीत नसे. अखेर पलीकडून निरोप आला: शनिवारी वडखळ नाक्यावर आमचा माणूस भेटेल.

बुधवारी तिची बदली आली. मुदत पूर्ण, रोहा, वाहतूक.

मी तडक जिल्हा कार्यालय गाठलं. जन्मभर घासाघीस करूनच माणसं मिळवली होती. म्हटलं, "माझे दोन हवालदार घ्या, पण हिला शनिवारपर्यंत ठेवा."

लिपिक म्हणाला, "साहेब, हा काय मासळीबाजार हाय? एकाला सूट दिली की दहा जण येतील."

मी फाईल टेबलावर आपटली. बदली टळली नाही. मला मात्र कारणे दाखवा नोटीस मिळाली.

तिच्या जागी आलेला शिपाई घाटावरचा, प्रामाणिक. शुक्रवारी दुपारी पलीकडून विचारणा झाली. त्याने लिहिलं, "बोट आत्ताच सुटली." तेव्हा पूर्ण ओहोटी होती, जेटीखाली नुसता चिखल. पाच मिनिटांत पलीकडचं संदेशांचं खातं बंद झालं. शनिवारी आम्ही साध्या वेशात वडखळला दिवसभर उभे होतो. कोणी आलं नाही.

त्यांचा तो इथला माणूस अजून मोकळा आहे. तिने वर्षभरात राजीनामा दिला. आता मुंबईत एका कंपनीचे संगणक सांभाळते. मध्यंतरी तिचा फोन आला.

"परत येशील का गो खात्यात?" मी विचारलं.

"कोण बोलावताय, साहेब?"



अशी मुलं पगारासाठी जातात, असं वरिष्ठ भाषणांत सांगतात. मला तसं वाटत नाही. सीमेपलीकडून संदेश पाठवणाऱ्या माणसाने आमच्या खाडीची भरती-ओहोटी पाठ केली होती. आमच्या कार्यालयात मात्र त्या मुलीच्या नावापुढे फक्त तिचा बक्कल नंबर होता.