दुरुस्त केलेलं अक्षर

कुडव्याच्या देवाजी पेंटरला एकच खोड होती, आणि त्याचं पोट भरत होतं ते त्या खोडीवरच. दुसऱ्यानं काढलेलं वाकडं अक्षर त्याला पाहवत नसे. लग्नाला गेला तरी नजर नवरीकडे नाही, बॅनरकडे. ‘शुभ’मधला उकार लंगडा दिसला की त्याला जेवण गोड लागत नसे. एकदा ताप अंगात घेऊन दवाखान्यात गेला, डॉक्टरच्या पाटीवरची मात्रा सरळ केली आणि औषध विसरून घरी आला. त्याची बायको पार्वताबाई म्हणायची, "तुमच्या हाताले खाज हाये. मलम लावा जी!"

चौदा वर्षांपूर्वी गावातल्या बुद्धविहारात एक जपानी भन्ते दोन दिवस मुक्कामाला आले. ऐंशीच्या घरातले, चिमणीच्या चणीचे. पहिल्या दिवशीचं भोजनदान पार्वताबाईकडे होतं. भन्तेंना मराठी येत नव्हती, पार्वताबाईला जपानी येत नव्हती. पण भाताच्या बाबतीत दोघांचं चटकन पटलं. भन्तेंनी भात आणि लाखोरीचं वरण तीनदा घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी विहार कमिटीच्या रत्नपालनं त्यांना विनवलं, "भन्तेजी, आमच्या भिंतीवर काहीतरी लिहून द्या."

भन्तेंनी झोळीतून मोठा ब्रश आणि शाई काढली. भिंतीपुढे बराच वेळ नुसते उभे राहिले, आणि मग सुपाएवढं एकच अक्षर लिहिलं. सोबतचा तरुण भिक्खू त्याचा अर्थ सांगत होता. सगळे ऐकत होते, फक्त देवाजी ऐकत नव्हता. त्याचं लक्ष शाईवर होतं. खाली येता येता शाई आटत गेली होती, आणि शेवटच्या ठिपक्यात तर ब्रशचे केस नुसते फरफटले होते. मधून पांढरी भिंत दिसत होती.

देवाजीचा जीव कळवळला. म्हातारा माणूस, हात थरथरला असेल, संकोचानं शाई मागितली नसेल!

दुपारी भन्ते आडवे झाले तेव्हा देवाजी काळा ऑइल पेंट घेऊन विहारात शिरला. पार्वताबाई मागे आलीच.

"त्याईचं हाये ते. राहू द्या ना जसं हाये तसं!"

"अवं, पाहुण्याच्या अंगरख्याचं बटन तुटलं तं आपण लावून देतो का नाही?"

त्यानं सगळ्या फटी भरल्या, कडा गुळगुळीत केल्या, आणि प्रेमाचा कढ अगदीच आवरेना म्हणून लाल रंगाची सावलीही दिली. भन्ते उठून आले. भिंतीकडे पाहत राहिले. मग देवाजीसमोर हात जोडून कमरेपर्यंत वाकले.

बस! पुढची चौदा वर्षं देवाजी त्या वाकण्यावर जगला. "जपानचा माणूस माह्यापुढं कमरेपावतर झुकला!" हे कुडव्यात ज्यानं ऐकलं नाही असा माणूस बहुधा जन्मायचा होता. लोक त्याला ‘जपानी पेंटर’ म्हणू लागले. त्यानं ते अक्षर पाठ केलं आणि हायवेवरच्या सडक अर्जुनीच्या ढाब्यांवर थांबणाऱ्या ट्रकांच्या मागे काढू लागला. अर्थ गिऱ्हाईक पाहून ठरे. ट्रकवाल्याला ‘सुखरूप पोच’, किराणावाल्याला ‘भरभराट’, आणि एका सलूनवाल्याला तर ‘चेहऱ्यावर तेज’. तीन वर्षांनी भन्ते गेल्याची बातमी नागपूरहून आली तेव्हा देवाजीनं भिंतीपुढे मेणबत्ती लावली, आणि लावता लावता एका कोपऱ्यात उडालेला रंगही भरून घेतला.

यंदा विहाराला टाइल लावायचं ठरलं. सोमवारी काम सुरू होणार होतं. त्याआधीच्या शनिवारी देवाजीची नात खुशबू घरी आली. तिचं नर्सिंग झालं होतं आणि जपानला नोकरी मिळावी म्हणून ती नागपुरात जपानी शिकत होती. आजा-आजीला घेऊन ती विहारात गेली आणि भिंतीपाशी थबकली.

"आबा, हे कोणी लिहिलं?"

"भन्तेनं. फिनिशिंग माही."

"याला जपानीत ‘ओन’ म्हणतात, चिनीत ‘एन’. अक्षर एकच. वरचा भाग म्हणजे कारण, खालचा म्हणजे काळीज. कोणी आपलं चांगलं केलं, ते मनात धरून ठेवणं. तुमचे उपकार आहेत, असं लिहून गेले ते तुम्हा सगळ्यांना. चिनी लोक तर नवरा-बायकोच्या मायेलाही हे अक्षर वापरतात."

"मंग पेंटरले कसं समजन?" पार्वताबाई म्हणाली.

देवाजी हसला. "मी तं भरभराट सांगून राहिलो होतो!"

खुशबूही हसली, पण जवळ जाऊन तिनं कडेवरून बोट फिरवलं आणि विचारलं, "आबा, फिनिशिंग म्हणजे?"

त्यानं मोठ्या हौसेनं सांगितलं. शाई आटली होती, फटी होत्या, त्या भरल्या. सांगता सांगता नातीचा चेहरा उतरत गेला.

"ब्रशचं अक्षर एकदाच लिहितात, आबा. पुन्हा त्याला हात लावत नाहीत. शाई आटते, फटी राहतात, ते सगळं अक्षरातच मोजतात. त्यात लिहिणाऱ्याचा श्वास दिसतो, असं आमच्या सेन्सेई, म्हणजे बाई, सांगतात."

देवाजीनं शेवटच्या ठिपक्यावर बोट ठेवलं. "मंग ते झुकले कायले?"

"मला कसं सांगता येईल?"

ज्यांना सांगता आलं असतं ते अकरा वर्षांपूर्वी गेले होते.

रविवारी सकाळी देवाजी थिनर, कापूस आणि रंग खरवडायची पत्ती घेऊन विहारात बसला. आपला रंग काढायचा आणि भन्तेंचं अक्षर जसं होतं तसं मोकळं करायचं, एवढंच त्याला उद्याच्या आत हवं होतं. चाळीस वर्षं रंगात घालवलेल्या माणसाला ठाऊक असतं, की ऑइल पेंट खालच्या शाईला धरून बसतो. ठाऊक असूनही तो बसला. शेवटच्या ठिपक्यापासून सुरुवात केली. लाल निघाला, काळा मऊ झाला, आणि क्षणभर राखाडी रेघा दिसल्या, फरफटलेल्या केसांच्या, मधून पांढऱ्या. त्यानं पत्ती जराशी टेकवली आणि सगळा ठिपका भुकटी होऊन तळहातावर आला.

रत्नपाल मागे उभा होता. "काका, जाऊ द्या. तेवढी जागा सोडून टाइल लावू. फोटोसारखं दिसन."

"नोको."

"काऊन?"

"समोर राहिलं तं मी पुन्हा हात लावीन. मले मी ओळखतो ना! झाकून टाक. खाली तरी ते त्याईचं राहीन."

सोमवारी टाइलवाला जागेश्वर आला. टाइल पक्की धरावी म्हणून तो हातोडीनं भिंतीला टाचे मारून खाचा पाडू लागला. अक्षराजवळ पोचला तसा देवाजी उठून मध्ये उभा राहिला.

"इथं टाचे मारू नोको. नुसत्या केमिकलवर लाव."

"काका, पकडेगी नहीं. एक दिन गिर जाएगी."

"गिरू दे."

जागेश्वरनं रत्नपालकडे पाहिलं. रत्नपालनं मान हलवली. टाइल चिकटवून जागेश्वरनं ठोकायला हातोडी उचलली, देवाजीकडे पाहिलं, खाली ठेवली आणि टाइल तळहातानंच दाबली.