जातीचा रकाना

देवराव चौदा वर्षं मानवशास्त्र विभागात शिपाई होता. शिक्षण चौथी. पण या विषयाच्या चारही शाखा त्याला तोंडपाठ होत्या, कारण चारही त्याने डोक्यावरून वाहिल्या होत्या. कवट्या आणि हाडं ही शारीरिक शाखा. कुही गावाकडून आणलेली खापरं म्हणजे पुरातत्त्व. टेपरेकॉर्डर घेऊन खेड्यात गेले की भाषेची शाखा. आणि काचेच्या कपाटातल्या टोपल्या, दागिने, ढोल ही संस्कृतीची.

घरी भाकर मोडता मोडता त्यानेच हे मुलीला, गोपिकाला, सांगितलं होतं. चौऱ्याहत्तर साली ती त्याच विभागात एम.ए.ला आली. आदल्या दिवशी तिने अट घातली.

"बाबा, तिथं मले ओळख दाखवू नका."

"काहून दाखवू वं? तिथं तू मॅडम, मी शिपाई," देवराव हसला. त्याची बायको अंजनाबाई हसली नाही.

दर ऑगस्टात वर्गाला डोक्याचं मोजमाप शिकवत. जिवंत माणूस लागे. देवराव स्टुलावर बसे. त्याला त्यात कमीपणा वाटत नसे. "सायबापेक्षा माझंच डोकं फेमस आहे गा," असं तो कँटीनवाल्याला सांगे.

एकच गोष्ट होती. छप्पन साली दीक्षा घेतल्यापासून जुन्या जातीचं नाव त्याने तोंडातून काढलं नव्हतं. शाळेत मास्तरांनी ते गोपिकाच्या नावापुढे लिहिलं, तेव्हा आठ दिवस खेटे घालून त्याने ते खोडून घेतलं होतं.

त्या वर्षी छापील फॉर्म नवा आला. त्यात जातीचा रकाना होता.

तास घेणाऱ्या सरांनी नेमकं गोपिकाला पुढे बोलावलं. तिने मोजमापाच्या कॅलिपरची टोकं बापाच्या कानांच्या वर टेकवली. एकशे एकेचाळीस मिलिमीटर. नाकाची रुंदी अडतीस. आकडे ती फळ्यावर लिहीत गेली.

"छान," सर म्हणाले. "आता जात. बोला देवराव."

"बौद्ध, सर."

"तो धर्म झाला. कवटीनं कुठे दीक्षा घेतली?" वर्ग हसला. "जुनी सांगा."

"सर, इतकी वर्षं बसून राहिलो. एवढं नका विचारू."

"अहो, हे शास्त्र आहे. राग कसला?" सर गोपिकाकडे वळले. "तुम्ही सांगा. काय लिहाल?"

"नाकावरूनच समजते, सर," मागून कोणी तरी म्हणालं. पुन्हा हशा.

देवरावने मुलीकडे पाहिलं. तिने बाप म्हणावं, अशी त्याची अपेक्षा नव्हती. तिने नुसता खडू खाली ठेवला असता तरी चाललं असतं.

गोपिकाने ते नाव लिहिलं. तीस जणांनी वहीत उतरवून घेतलं.

तास संपला. ती इतरांबरोबर बाहेर पडली. देवराव डस्टर घेऊन फळ्याशी गेला.

"पुसू नका," सर दारातून म्हणाले. "दुपारच्या तुकडीलाही लागेल. तुम्हीही लागाल."

देवरावने डस्टर ठेवलं आणि तो स्टुलावर जाऊन बसला.