कांदा चौकटीबाहेर राहिला

ऑगस्ट १९९८, रविवार. काम: धाकट्या नणंदेला कांदे चिरायला बसवून तिचं लग्न जमवणे.

कोरपन्याहून प्रमोद आणि त्याचे आईवडील आमच्याकडे वडशाला सुषमाला बघायला आले होते. दोघांनी एकमेकांना पसंत केलं. पण शेवटचा शब्द प्रमोदच्या आजीचा, आणि आजीचा पाय प्लास्टरमध्ये. मी म्हटलं, त्यात काय, मुलीची कॅसेट पाठवू! लग्नसराई नसल्याने फोटोच्या दुकानातला व्हिडिओ कॅमेरा भाड्याने मिळत होता. शिवाय पेपरात 'क्लोज-अपने माणसाचं मन दिसतं' असं मी नुकतंच वाचलं होतं. (एवढ्या शिक्षणावर लोक डॉक्टरसुद्धा होत नाहीत.)

आधी प्रमोदचा चेहरा घेतला, पडदाभर. मग मुलगी कामाची आहे हे दाखवायला धावत स्वयंपाकघरात जाऊन सुषमाचा चेहरा घेतला, तोही पडदाभर.

कॅसेट पाहुण्यांसोबत गेली. दुसऱ्या दिवशी शेजारच्या एसटीडीवर आजीचा फोन!

"काऊन वं, माह्या नातवाले पाहून पोरगी एवढी रडून राह्यली? जबरदस्ती करून राह्यले का तिच्यावर?"

"नाई आजी, कांदा होता!"

"कुठी कांदा? मले तं नाई दिसला!"

दिसणार कसा? मी जन्मभर झाडीपट्टीची नाटकं पाहिलेली. तिथे रडणारी नटी, तिची सासू, पेटीवाला, सगळे एकदम दिसतात. चौकटीबाहेर काही राहतं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं!

"लग्न मोडते आता," नवऱ्याने धीर दिला.

"मोडत नाई. हसणारा शॉट पाठवते!"

प्रमोद तर गेलेला. मी स्थळासोबत आलेला त्याचा फोटो भिंतीला टेकवला आणि जवळून घेतला. (फार जवळून. नाकच जास्त आलं.) मग कॅमेरा सुषमाकडे वळवला. "हस!" ती काही हसेना. तेवढ्यात उजेडासाठी बल्ब धरून स्टुलावर उभा असलेला तिचा दादा, म्हणजे माझा नवरा, धाडकन धान्याच्या पोत्यावर पडला आणि पोतं फुटलं. सुषमा पोट धरून हसली. मी खूश! कॅसेट कोरपन्याच्या बसने रवाना.

फोन आला.

"आता माह्या नातवाच्या नाकावर हासून राह्यली का ते? माह्याकडून नाई समज!"

सुषमाचा चेहरा पांढरा पडला. पोरीला प्रमोद मनापासून आवडला होता. तिने माझ्या हातून रिसीव्हर ओढून घेतला.

"आजी, मी सुषमा. रडली कांद्यानं, हासली दादावर. तुमचा नातू मले पसंत हाय, नाकासकट. वहिनीले कॅमेरा नाई येत!"

पलीकडे आजी एवढ्या हसल्या, की एसटीडीवाल्यालाही ऐकू आलं.

"बोलाचालीले बरी हाय पोरगी. जमलं म्हनून सांग तुह्या दादाले. पन लग्नात त्या वहिनीले कॅमेऱ्याच्या आसपास नको येऊ देजो!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कॅमेरा परत करायला गेले.

दुकानदाराने उलटसुलट करून पाहिला. "काई बिघाड तं नाई ना, बाई?"

"कॅमेऱ्यात नाई," मी म्हटलं, आणि घरी येऊन त्या पोत्यातून सांडलेलं, अजून तसंच पडलेलं धान्य भरत बसले.