विहिरीवरचा पत्रा

ताडकळसच्या योगीराजला विकतचं काही पटायचंच नाही. येलदरीच्या धरणावरून मासळी आणताना खडकांवर जीपचं पोट घासायचं, म्हणून इंजिनाखाली लावायला जाड पत्रा त्यानं स्वतःच शोधला. तो शेतातल्या विहिरीचं झाकण होता. थोरली चुलती तिथं बुडाल्यापासून त्याला कुणी हात लावला नव्हता. "लय दणकट हाय," म्हणत त्यानं तो कापला, वाकवला, बोल्टांनी आवळला.

महिन्याभरानं पत्रा उतरवला, तर त्यावर नवे पोचे. दगडांचे पोचे खालून वर यायला हवे होते. हे वरून खाली मारलेले होते, मुठीएवढे. पूर्वी विहिरीकडं असलेली बाजू आता वर होती.

त्यानं आईला, झुंबरबाईला, दाखवलं. थोरल्या जावेसमोर घ्यायची तसा तिनं डोक्यावरून पदर घेतला आणि पत्र्याला म्हणाली, "आलात व्हय जाऊबाई? या, घरात या."