लिंक आहे, फोल्डर नाही

मिलिंददादा गेल्याचं ग्रुपवर आलं, तेव्हा मी त्यांनाच मेसेज लिहीत होते. लिहून खोडत होते... चौथ्यांदा. महिना झाला, बोटं अजून त्याच वाक्याशी अडतात.

दादा आमच्या छोट्या ऑफिसातले सीनियर. मूळचे खुलताबादचे, राहायला बजाजनगरला. एका प्रोग्रामिंग लँग्वेजसाठी फाइली हाताळणारा कोड आम्ही लिहितो. माझ्याकडे सिम्बॉलिक लिंकचं काम होतं. ही लिंक म्हणजे दुसरीकडच्या फोल्डरचा नुसता पत्ता. ती विंडोज, लिनक्स, मॅक तिन्हींवर सारखी वागली पाहिजे. मी इंग्रजी शाळेतली, मराठी बोलताना अडखळायचे, म्हणून चारचौघांत गप्प. दादा माझ्या टेबलावर चहा ठेवायचे आणि उत्तराची वाट न बघता बोलत राहायचे.

त्यांची एक खोड होती. खोट्या फाइलींवर चाचणी घ्यायची नाही. "आपलं काही अडकल्याशिवाय माणूस नीट बघत नाय," म्हणायचे, आणि चाचणीच्या फोल्डरात स्वतःच्या फोटोंची लिंक ठेवायचे. एका दुपारी मी पुसण्याचा कोड चालवला. लिनक्सवर फक्त लिंक गेली. विंडोजवर मात्र कोडनं लिंकलाच फोल्डर समजून आत जाऊन सगळं पुसलं, मूळ फोल्डरसकट. उरली ती नुसती लिंक. फोटो दादांच्या आईचे होते, शेवटच्या वर्षातले. दुसरीकडे कुठं ठेवलेले नव्हते. दादांनी लिंक एकदा उघडून बघितली. "अगं, पत्ता पुसायचा, घर नाय," एवढंच म्हणाले आणि चहा आणायला गेले... माझाही आणला. कोड मी त्याच दिवशी दुरुस्त केला. मी सॉरी मात्र म्हणाले नाही. उद्या म्हणू, असं रोज वाटायचं.

परवा मी दादांचा लॅपटॉप द्यायला त्यांच्या घरी गेले. यात आईंचे फोटो नाहीत हे वहिनींना माहीत होतं. "मशीन बिघडलं, म्हणले होते," त्या म्हणाल्या. मी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. फरशीकडे बघत मी सांगितलं, मशीन नाही, माझ्या हातून गेले.

वहिनी चार्जरची वायर गुंडाळत होत्या. त्या थांबल्या.

"त्यांना बोललीस का कधी?"

"नाही."

"मग मला सांगून काय होणार, बाई?" म्हणाल्या, पण रागानं नाही. वायर पुन्हा सोडून पुन्हा गुंडाळू लागल्या.

दादांची ती लिंक चाचणीच्या फोल्डरात अजून आहे. काढून टाक, असं ऑफिसातल्या दोघांनी सांगून झालं. रोज सकाळी आधी मी तिच्यावरच लिंक की फोल्डर हे ओळखायची चाचणी चालवते. आता तिन्हीकडून एकच उत्तर येतं, शब्दाचाही फरक नाही. लिंक आहे, फोल्डर नाही.