स्टाफरूममधली माझी खुर्ची

आज आखातातल्या आमच्या खलिफा सिटीतल्या शाळेतून केनियातल्या एका शिक्षिकेशी व्हिडिओ कॉल होता. वेगवेगळ्या देशांची मुलं एकमेकांत मिसळावीत म्हणून कोण काय करतं, यावर बोलायचं होतं.

मी ऐटीत सांगितलं, "आम्ही दर आठवड्याला मुलांच्या जागा बदलतो. देशानुसार कंपू होऊच देत नाही."

"छान! स्टाफरूम दाखवा ना," त्या म्हणाल्या.

मी लॅपटॉप फिरवला. जेवणाची सुट्टी होती. एका टेबलावर केरळच्या टीचर, दुसऱ्यावर इजिप्तच्या, तिसऱ्यावर ब्रिटिश.

तेवढ्यात कोपऱ्यातल्या मराठी टेबलावरून आमची जोशी ओरडली, "यल्ला, आटप लवकर! तुझी खुर्ची धरून ठेवलीये."

मी गेले आणि तिथेच बसले.

तुमच्या ऑफिसात तुमची खुर्ची कोण धरून ठेवतं?